वेतन सोडणारा भक्तकवी : रेव्हरंड नारायण वामन टिळक

नाताळचा सण आला की महाराष्ट्रातील ख्रिस्ती उपासनामंदिरांतून मराठी भजनांचे सूर उमटू लागतात. त्यांतील कितीतरी पदे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या लेखणीतून उतरलेली आहेत. टिळकांचा पंथ आपल्याहून निराळा. तथापि त्यांच्या चरित्रातील एक प्रश्न प्रत्येक भाविक घराला आपला वाटावा असा आहे. देवाचे नाव सांगणाऱ्याने द्रव्य घ्यावे किंवा न घ्यावे, हा तो प्रश्न होय.

टिळकांचा जन्म 1861 साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे, चित्पावन ब्राह्मण कुळात झाला. बालपणीच मातृवियोग घडला. पुढे ते नाशिकास आले आणि गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखल्यांची कन्या त्यांना पत्नी म्हणून लाभली. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने मराठी वाङ्मयात अमर झाल्या. टिळकांचा स्वभाव विलक्षण उदार आणि तितकाच अस्थिर. नागपुरास श्रीमंत अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचे कार्य केले. 1893 च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाने त्यांच्या हाती बायबल ठेवले. दीर्घ चिंतनानंतर 10 फेब्रुवारी 1895 रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घरादारावर वज्राघात झाला. लक्ष्मीबाई कित्येक वर्षे पतीपासून दूर राहिल्या. अखेरीस त्या नगरास येऊन पतीच्या संसारात पुनः सामील झाल्या व कालांतराने, 1900 साली, त्यांनी स्वतःच्या विचारानेच तो धर्म स्वीकारला.

नगर हे अमेरिकन मराठी मिशनचे मोठे केंद्र होते. टिळक तेथे धर्मशिक्षणाच्या विद्यालयात शिकवू लागले, 1904 मध्ये त्यांना आचार्यपदाची दीक्षा मिळाली, आणि पुढे ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादनही त्यांनी केले. मिशनकडून त्यांना वेतन मिळे. हे वेतन शास्त्रविहित होते काय? ख्रिस्ती शास्त्राचे उत्तर निःसंदिग्ध आहे. यहुदी लोकांत लेवी नामक वंशाला भूमीचा वाटा नव्हता. देवसेवा हाच त्यांचा वाटा, आणि लोकांच्या उत्पन्नाचा दशमांश हे त्यांचे जीवन. येशूने सत्तर शिष्य गावोगाव धाडले तेव्हा पैशाची पिशवी बरोबर घेऊ नये, ज्या घरी आश्रय मिळेल तेथे वाढतील ते खावे, कारण कामकरी आपल्या मजुरीस पात्र आहे, अशी शिकवण दिली. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हेच विस्ताराने मांडले आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, या मोशेच्या नियमशास्त्रातील आज्ञेचा आधार घेऊन तो सांगतो की, जो आध्यात्मिक बीज पेरतो त्याने अन्नवस्त्राची अपेक्षा करणे गैर नव्हे.

परंतु नवल असे की, हा अधिकार इतक्या आग्रहाने सिद्ध करून पौल त्याच अध्यायात करिंथकरांपुरता तो सोडून देतो! करिंथ नगरीत तो तंबू शिवून उदरनिर्वाह करी. फिलिप्पै येथील प्रेमळ मंडळीचे साहाय्य मात्र त्याने कृतज्ञतेने स्वीकारले. अधिकार असणे निराळे आणि तो वापरणे निराळे, हे यातील मर्म होय.

टिळकांनी हे मर्म जाणले. मिशनचा पैसा सातासमुद्रापलीकडच्या भाविकांच्या दानातून येई. त्या दानाविषयी त्यांच्या मनात अनादर नव्हता. तथापि परदेशी मिशनरी धनी आणि एतद्देशीय उपदेशक चाकर, असे नाते जडले तर शब्दाचे तेज उणे होते, ही खंत त्यांना जाळीत होती. ख्रिस्ताकडे येण्याचा त्यांचा मार्ग तुकोबांच्या वाणीवरून गेला होता, हे ते स्वतःच मान्य करीत. शिवछत्रपतींनी धाडलेला नजराणा तुकोबांनी परत केल्याची कथा महाराष्ट्रात कोणाला ठाऊक नाही? अखेर 1917 साली टिळकांनी मिशनचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तेथे बंधुभावाने स्थान असावे, अशी त्यांची इच्छा होती.

या त्यागाची झळ कोणाला लागली, हेही सांगितले पाहिजे. आधीच टिळकांच्या हाती पैसा टिकत नसे. अनाथ मुले घरी आणावीत, मागेल त्याला द्यावे, हा त्यांचा नित्यक्रम. चूल पेटती ठेवण्याची चिंता लक्ष्मीबाईंची. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी ती हसतमुखाने सांगितली आहे. पण वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी उभे राहते. एकाचे वैराग्य दुसऱ्याच्या कष्टांवर उभे असते, हे विसरता कामा नये.

दरबाराला पुरती दोन वर्षेही लाभली नाहीत. 9 मे 1919 रोजी मुंबईत टिळकांनी देह ठेवला. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ महाकाव्य अपूर्ण राहिले. ते लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. औपचारिक शिक्षण नसलेल्या त्या माउलीने पतीचे ऋण असे फेडले.

सज्जनहो, आम्हां हरिदासांनाही हे चरित्र अंतर्मुख करते. कीर्तनाच्या शेवटी आरतीचे ताट फिरते, यजमान बिदागी हाती ठेवतात. ती घेण्यात पाप नाही. विद्यादात्याला दक्षिणा देणे हा आपलाही धर्म आहे. पाप आहे ते बिदागीकडे डोळा ठेवून कथा वळविण्यात. त्याचप्रमाणे यजमानाचेही कर्तव्य आहे. हरिदास निःस्पृह आहे, म्हणून त्याच्या घरची चूल कशी पेटते हे न विचारणे, ही भक्ती नव्हे. देणाऱ्याने न मागता द्यावे, घेणाऱ्याने न गुंतता घ्यावे, आणि दोघांनीही खरा दाता एकच आहे हे ओळखावे. नाताळच्या या मंगल पर्वावर टिळकांच्या स्मृतीला एवढे वंदन पुरेसे आहे.