पराजितांच्या स्मृतींचे लेखनिक : फ्राय बेर्नार्दिनो

मेक्सिकोतील अ‍ॅझटेकांचे तेनोच्तित्लान हे महानगर १५२१ साली स्पॅनिश सैन्याच्या हाती पडले. देवालये उद्ध्वस्त झाली, उत्सव बंद पडले, चित्रलिपीतील पोथ्या अग्नीच्या स्वाधीन झाल्या. पुढे आठच वर्षांनी, १५२९ मध्ये, फ्राय बेर्नार्दिनो नावाचे फ्रान्सिस्कन संन्यासी तेथे आले. स्पेनमधील साहागून हे त्यांचे जन्मगाव. विद्याध्ययन सालामांकाच्या विद्यापीठातले. ते आले होते तेथील जुना धर्म समूळ उपटण्यासाठी, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्या देवतांना ते अखेरपर्यंत सैतानच मानीत. तथापि त्या देवतांची नावे, उत्सव आणि प्रार्थना आज जगाला ठाऊक आहेत, त्या बव्हंशी त्यांच्याच परिश्रमामुळे!

१५३६ मध्ये त्लातेलोल्को येथे स्थापन झालेल्या सांताक्रूझ विद्यालयात ते नाहुआ सरदारपुत्रांना लॅटिन शिकवू लागले. शिकविता शिकविता गुरूंनी शिष्यांची नाहुआत्ल भाषा आत्मसात केली. १५४५ च्या महामारीत दहा हजारांवर प्रेतांना त्यांनी मूठमाती दिली आणि स्वतःही मरणाच्या दारातून परतले.

१५५८ च्या सुमारास वरिष्ठांच्या आज्ञेने त्यांनी शोधकार्य आरंभिले. तेपेपुल्को गावच्या वृद्धांपुढे त्यांनी प्रश्नावली ठेवली. वृद्धांनी आपल्या रीतीप्रमाणे चित्रे काढून उत्तरे दिली. लॅटिन जाणणाऱ्या चार शिष्यांनी त्या चित्रांखाली त्यांचा अर्थ लिहिला. रोग ओळखल्यावाचून वैद्याला औषध देता येत नाही, हे बेर्नार्दिनोंचे समर्थन. पण निदान करणाऱ्या या वैद्याचे मन रोग्याच्या वाणीवरच जडले असावे. अन्यथा मातापित्यांनी मुलांना करावयाच्या उपदेशांसाठी आणि प्रार्थनांसाठी एक संपूर्ण पुस्तक कोण खर्ची घालील? आंतोनिओ वालेरियानो प्रभृती शिष्यांची नावेही त्यांनी ग्रंथात आदराने नोंदविली. असे गुरू विरळाच.

ग्रंथाची बारा पुस्तके झाली. एका बाजूस नाहुआत्ल, दुसऱ्या बाजूस स्पॅनिश, आणि सुमारे अडीच हजार चित्रे. मार्ग मात्र निष्कंटक नव्हता. स्वपंथीयांनीच खर्च रोखला, हस्तलिखिते निरनिराळ्या मठांत पांगली. वार्धक्याने हात कापू लागला, तेव्हा ते शिष्यांकडून लिहवून घेत. १५७६ मध्ये महामारी पुन्हा उसळली, तरी काम थांबले नाही. १५७७ मध्ये राजा दुसरा फिलिप याने आज्ञा काढली : या लोकांच्या जुन्या आचारांविषयी कोणीही, कोणत्याही भाषेत लिहू नये, लिहिलेले सर्व जप्त करावे.

पोथी समुद्रापार गेली. तिचे पुढे काय झाले हे आपणास कळले नाही, अशी खंत वृद्ध बेर्नार्दिनोंनी लिहून ठेवली. १५९० मध्ये मेक्सिको नगरीत त्यांचा देह पडला. त्यांच्या हयातीत नाहुआत्ल स्तोत्रांचे एकच पुस्तक, १५८३ साली, छापले गेले होते. बारा पुस्तकांतील स्पॅनिश भाग मेक्सिकोत मुद्रित होण्यास १८२९ साल उजाडले. मूळ सचित्र प्रत इटलीतील फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात आहे. तिच्या बाराव्या पुस्तकात नाहुआंनी सांगितलेली आपल्या नगराच्या पाडावाची कथा आहे. त्यातील बहुतेक चित्रे रंगाविना तशीच राहिली आहेत.