घराघरांत देव पोचवणारे राजा रविवर्मा आणि मावळातला त्यांचा छापखाना

लोणावळा लोकलने मळवलीला उतरणारे बहुतेक जण कार्ला-भाजे लेणी बघायला नाहीतर लोहगड चढायला आलेले असतात. पण जुन्या देवघरांत कमळावर उभी असलेली जी लक्ष्मी दिसते, तिचंही या गावाशी नातं आहे.

हे नातं जोडलं राजा रविवर्मांनी. जन्म १८४८ चा, केरळातल्या किळिमानूरचा. १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात त्यांच्या चित्राला बक्षीस मिळालं आणि संस्थानिकांकडून कामं यायला लागली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पौराणिक चित्रांची मालिकाच करून घेतली. ती मुंबईत मांडली तेव्हा लोकांनी गर्दी केली. पण नंतर चित्रं गेली राजवाड्यात. सामान्य माणसाने ती परत बघायची कुठे?

तंजावरच्या मराठी घराण्यातले आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी आधीच सुचवलं होतं की, चित्रं युरोपात पाठवून रंगीत प्रती छापून घ्या. रविवर्मा त्याच्याही पुढे गेले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला. यंत्रं आणि तंत्रज्ञ आणले जर्मनीतून.

इथे छापायचे ते ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्राचा भास देणारी छापील चित्रं. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर चित्र उलटं काढायचं, प्रत्येक रंगासाठी वेगळा दगड. एकच कागद ओळीने सगळ्या दगडांवर दाबायचा. गंमत अशी की भिंगातून बघितलं तर नुसते रंगीत ठिपके दिसतात आणि हातभर लांबून बघितलं की लक्ष्मीचा गोल गाल. रंग कागदावर नाही, तर बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळतात. वरून वार्निश मारलं की छापील कागद तैलचित्रासारखा चमकायचा.

ज्यांना देवळाची पायरी चढू दिली जात नव्हती, त्यांनाही आता देव विकत घेऊन भिंतीवर लावता येत होता.

पुढे मुंबईत प्लेगने थैमान घातलं आणि १८९९ मध्ये छापखाना मळवलीला हलवला. चित्रं देशभर गेली, पण धंद्याचं गणित जमेना. कर्ज वाढलं. शेवटी रविवर्मांनी छापखाना तिथल्याच जर्मन तंत्रज्ञाला, फ्रित्झ श्लायशर यांना विकला. कारभार सांभाळणारा धाकटा भाऊ राजा राजा वर्मा १९०५ मध्ये गेला आणि १९०६ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, रविवर्माही गेले.

छापखाना मात्र सुरू राहिला. पुढे हलत्या चित्रांत देव दाखवणारे दादासाहेब फाळकेही काही काळ या छापखान्यात काम करत होते. १९७२ च्या आगीत छापखाना जळाला. रविवर्मांची मूळ चित्रं आज बघायची तर संग्रहालयात किंवा बडोद्याच्या राजवाड्यात जावं लागतं. त्यांची लक्ष्मी बघायला मात्र किराणा दुकानातलं कॅलेंडर पुरतं.