तुरुंगाआधी शाळा मागणारी मेरी कार्पेंटर

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडच्या न्यायालयांत दहा-बारा वर्षांची मुले किरकोळ चोरीच्या आरोपाखाली उभी राहत आणि सराईत गुन्हेगारांच्या सोबतीने तुरुंगात जात. कैद्याला लिहिता-वाचता येते की नाही, याची नोंद १८३० च्या दशकापासून तुरुंगांचे वार्षिक अहवाल करू लागले होते. मात्र ज्याला अक्षरओळख नाही, त्याला शिक्षेने नेमके काय शिकवायचे, याचा विचार फारसा होत नव्हता. हा प्रश्न आयुष्यभर लावून धरला तो मेरी कार्पेंटर यांनी.

त्यांचा जन्म ३ एप्रिल १८०७ रोजी एक्झिटर येथे झाला. वडील लँट कार्पेंटर हे युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक व शिक्षक. त्यांनी मुलीलाही मुलांच्या बरोबरीने शिकवले. पुढे हे कुटुंब ब्रिस्टलला स्थायिक झाले. १८३३ साली राजा राममोहन रॉय ब्रिस्टलला आले आणि तेथेच निवर्तले. त्या भेटीतून मेरी यांच्या मनात हिंदुस्थानविषयी जी आस्था रुजली, ती अखेरपर्यंत टिकली.

१८४६ मध्ये त्यांनी ब्रिस्टलच्या लुइन्स मीड या गलिच्छ वस्तीत फाटक्या कपड्यांतील मुलांसाठी मोफत शाळा काढली. ज्यांना अन्य शाळा दारात उभे करीत नसत, अशी ही मुले. ती वर्गात टिकतील, यावर शहाण्यासुरत्यांचाही विश्वास नव्हता. अध्ययन-अक्षमता ही संकल्पना तेव्हा अस्तित्वात नव्हती. डिस्लेक्सिया हा शब्दच मुळी १८८७ मध्ये आला, मेरी यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. अक्षरांशी अडखळणारा मुलगा तोवर आळशी किंवा मठ्ठ ठरे. मेरी यांनाही त्यामागचे कारण ठाऊक असणे शक्य नव्हते. पण केवळ पाठांतराने या मुलांचे भागणार नाही, हे त्यांनी ओळखले आणि अक्षरांच्या जोडीला हातांना काम दिले.

१८५१ च्या त्यांच्या ग्रंथाने सरकारचे लक्ष वेधले. रस्त्यावरच्या मुलांना मोफत शाळा, भटक्या मुलांना उद्योगशाळा आणि गुन्हा केलेल्यांना सुधारशाळा, अशी त्रिस्तरीय योजना त्यांनी मांडली होती. १८५२ साली किंग्जवूड येथे त्यांनी स्वतःच सुधारशाळा सुरू केली. १८५४ मध्ये लेडी बायरन यांनी विकत घेतलेल्या रेड लॉज या जुन्या वास्तूत मुलींची स्वतंत्र शाळा उघडली. त्याच वर्षी बालगुन्हेगारांचा कायदा संमत झाला. हे यश मोठे, पण अपुरे होते. सुधारशाळेत जाण्यापूर्वी मुलाने किमान चौदा दिवस तुरुंगात काढलेच पाहिजेत, अशी अट त्या कायद्यात होती. आधी शिक्षा व मग शिक्षण, हा क्रमच त्यांना अमान्य होता. त्याविरुद्ध त्या अखेरपर्यंत भांडल्या.

त्यांच्या कार्याला दुसरी बाजूही आहे. त्यांची शिस्त कडक होती; रेड लॉजमधील हट्टी मुलींना कोठडीत डांबले जाई. गरिबांची 'धोकादायक वर्ग' अशी त्यांनी केलेली विभागणी आज खटकते. ती त्या काळाची भाषा होती, एवढे म्हणून ती सोडून देता येत नाही.

साठीच्या उंबरठ्यावर, १८६६ मध्ये, त्या मुंबईच्या बंदरावर उतरल्या. मुंबई, अहमदाबाद, मद्रास, कलकत्ता असा प्रवास करून त्यांनी मुलींच्या शाळांबरोबर तुरुंगही पाहिले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावाचे मुलांचे सुधारगृह १८५७ पासून होते, पण एरवी अल्पवयीन व अट्टल कैदी एकत्रच कोंडले जात. कैद्यांसाठी शिक्षण आणि स्त्री-शिक्षिकांसाठी अध्यापन विद्यालये, या दोन मागण्या घेऊन त्या सरकारदरबारी खेटे घालीत राहिल्या. 'सिक्स मंथ्स इन इंडिया' हे या प्रवासाचे पुस्तक १८६८ साली निघाले. चौथी आणि शेवटची हिंदुस्थान भेट १८७५ मधली. १८७६ मध्ये येथेही सुधारशाळांचा कायदा झाला.

१४ जून १८७७ रोजी त्यांचे निधन झाले. ब्रिस्टलच्या ज्या आर्नोस व्हेल दफनभूमीत राममोहन रॉय यांची समाधी आहे, तेथेच त्या विसावल्या. इंग्लंडमधील मुलांची तुरुंगवासाची ती सक्ती मात्र कायद्यातून पूर्णपणे जायला १८९९ साल उजाडावे लागले.