बर्फातला ताड आणि रॉबर्ट फॉर्च्यून

माड, पोफळी, ताड म्हटले की डोळ्यांपुढे उकाडा आणि समुद्रकिनारा येतो. याच कुळातले एक झाड मात्र डोक्यावर बर्फ घेऊन हिवाळा काढते. पंख्यासारखी पाने आणि तपकिरी काथ्यात गुंडाळलेले खोड असलेल्या या झाडाचे शास्त्रीय नाव 'ट्रॅचिकार्पस फॉर्च्युनाय'. ज्यांच्यावरून हे नाव पडले ते रॉबर्ट फॉर्च्यून एक साधे माळी होते. आपल्या रोजच्या चहाशीही त्यांचा संबंध आहे.

फॉर्च्यून यांचा जन्म १८१२ साली स्कॉटलंडमध्ये झाला. घरची परिस्थिती बेताची होती आणि विद्यापीठाची पदवी नव्हती. एडिंबराच्या वनस्पती उद्यानात काम करता करता ते शिकले आणि पुढे लंडनच्या हॉर्टिकल्चरल सोसायटीत काचघरांचे प्रमुख झाले. पहिले अफू युद्ध संपून १८४२ मध्ये चीनची काही बंदरे परदेशीयांना खुली झाली. नवी झाडे शोधण्यासाठी सोसायटीने १८४३ मध्ये त्यांना तिकडे पाठवले. पगार होता वर्षाला १०० पौंड.

या प्रवासात जिवावरचे प्रसंगही आले. १८४५ मध्ये चीनच्या किनाऱ्यालगत प्रवास करताना ते तापाने फणफणून जहाजात पडून होते. तेवढ्यात चाच्यांची गलबते चालून आली. तशाच अंगाने उठून, हातात बंदूक घेऊन त्यांनी चाच्यांना पळवून लावले.

शांघायच्या दक्षिणेला चुसान (आजचे झौशान) नावाचे बेट आहे. तिथल्या टेकड्यांवर त्यांना हे ताड दिसले. हिवाळ्यात तिथे बर्फ पडे, तरी झाडे हिरवीगार असत. खोडावरच्या काथ्यापासून शेतकरी दोर वळत, तसेच पावसात पांघरायला आपल्या इरल्यासारखे झगे करत. जपानमध्ये राहिलेले जर्मन डॉक्टर सीबोल्ड यांनी याच झाडाचे बी १८३० मध्ये हॉलंडला पाठवले होते. पण उघड्यावर हिवाळा सोसणारे झाड म्हणून युरोपात त्याची ओळख झाली ती फॉर्च्यून यांच्यामुळे. १८४९ मध्ये त्यांनी रोपे लंडनच्या क्यू उद्यानात पाठवली. त्यातली काही राजघराण्याच्या ऑसबोर्न येथील बागेसाठी होती. क्यूमधल्या झाडाने १८४९-५०चा कडक हिवाळा कोणतेही पांघरूण न घेता काढला. काचघराबाहेर ताड जगू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

अर्थात या काटकपणालाही मर्यादा आहे. मुळे रुजलेले मोठे झाड उणे १० ते उणे १५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते. कोवळे रोप त्याआधीच मान टाकते. कारण कोकणातल्या बागायतदाराला सांगावे लागणार नाही. माडाचा कोंब कुजला की माड गेला! आंब्याची फांदी मोडली तर दुसरी फुटते, पण ताडाला वाढीचा डोळा एकच, तोही शेंड्याच्या गाभ्यात. तिथे पाणी साचून गोठले की पेशी फुटतात आणि बर्फ वितळल्यावर त्या जागी बुरशी शिरते. म्हणून थंड देशांतले बागप्रेमी हिवाळ्यापूर्वी पाने वर गोळा करून सैल बांधतात, बुंध्याभोवती वाळक्या पाल्याचा जाड थर देतात, खोडाला गोणपाट किंवा हवा खेळती ठेवणारे कापड गुंडाळतात आणि शेंड्यावर पाऊस अडवणारे छप्पर धरतात. प्लास्टिक घट्ट गुंडाळले तर आतल्या ओलाव्याने झाड कुजते. ऊन पडू लागले की हे पांघरूण काढायचे आणि मधले न उमललेले पान हलकेच ओढून पाहायचे. घट्ट असेल तर झाड वाचले. सहज हातात आले तर गाभ्यात कुज शिरली, असे समजायचे.

मधली दोन वर्षे फॉर्च्यून चेल्सीच्या औषधी वनस्पती उद्यानाचे प्रमुख होते. १८४८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना वर्षाला ५०० पौंड देऊन पुन्हा चीनला पाठवले. काम होते चहाची उत्तम रोपे आणि ती कला भारतात आणण्याचे. परदेशीयांना मनाई असलेल्या मुलखात ते डोके भादरून, शेंडी लावून, चिनी वेशात हिंडले. हिरवा आणि काळा चहा एकाच झाडाचा असतो, फरक केवळ पाने तयार करण्याच्या पद्धतीत असतो, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहून सांगितले.

एका कारखान्यात कामगारांचे हात निळे दिसले. परदेशी पाठवायच्या हिरव्या चहाला प्रशियन ब्लू आणि जिप्सम चोळून रंग आणला जात होता. गिऱ्हाइकाला तोच रंग आवडतो म्हणून! चिनी लोक स्वतः असा चहा पीत नसत. फॉर्च्यून यांनी हिशेब मांडला. दर १०० पौंड चहाबरोबर पिणाऱ्याच्या पोटात अर्ध्या पौंडाहून अधिक रंगद्रव्य जात होते. त्यांनी नमुने लंडनला पाठवले. रंगावरून खाण्यापिण्याचा कस ठरवण्याची किंमत त्या हिशेबात दिसत होती.

रोपे भारतात पोचली ती आणखी एका डॉक्टरच्या कृपेने. लंडनच्या नॅथॅनियल वॉर्ड यांनी बनवलेल्या बंद काचपेटीत ओलावा फिरत राहतो आणि खाऱ्या वाऱ्यापासून रोप वाचते. अशा पेट्यांतून १८५१ मध्ये हजारो रोपे, उगवते बियाणे आणि चिनी कारागीर कलकत्त्यामार्गे सहारनपूरच्या उद्यानाकडे आणि हिमालयाच्या पायथ्याकडे गेले. कंपनीच्या लेखी ही यशस्वी मोहीम होती. चीनच्या दृष्टीने ती चोरी होती. दोन्ही खरे आहे.

पुढे जपानमधूनही त्यांनी झाडे आणली. ऑक्युबा नावाच्या शोभेच्या झुडपाची केवळ मादी झाडे १७८३ पासून इंग्लंडमध्ये होती आणि त्यांना फळ धरत नव्हते. फॉर्च्यून यांनी नर झाड आणले आणि ती लाल फळांनी लगडली.

१३ एप्रिल १८८० रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. चहाच्या कपावर त्यांचे नाव नाही. त्या काथ्याच्या ताडावर मात्र आहे. इंग्लंडमधल्या कित्येक बागांत तो आजही पांघरुणाशिवाय हिवाळा काढतो.