सनद नसलेला आद्याचार्य

वकिलाला सनद लागते, डॉक्टरला नोंदणी लागते. अमेरिकेत उद्याने, मैदाने, विद्यापीठांचे परिसर आणि जलमार्गांचे काठ यांची आखणी करणाऱ्या भूदृश्यरचनाकारालाही सरकारी परवाना लागतो. या परवान्यासाठी सामान्यतः विद्यापीठाची पदवी, परवानाधारकाच्या हाताखालची उमेदवारी आणि चार भागांची परीक्षा अशी तिहेरी पायरी चढावी लागते. ज्याला या व्यवसायाचा जनक मानतात, त्या फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेडजवळ आपले सर्वश्रेष्ठ काम हाती घेताना यांपैकी काहीही नव्हते. एवढ्यावरून परवाना निरर्थक ठरवण्याचा मोह सहज होतो. पण ओल्मस्टेडचे चरित्र नीट पाहिले तर त्यातून निघणारा निष्कर्ष इतका सोपा नाही.

ओल्मस्टेडचा जन्म २६ एप्रिल १८२२ रोजी कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथे एका सुखवस्तू कापड व्यापाऱ्याच्या घरी झाला. तो चार वर्षांचा होण्यापूर्वीच आई वारली. शिक्षण खेडोपाडीच्या धर्मोपदेशकांच्या घरी, तुटकतुटक झाले. एका विषारी वनस्पतीच्या संसर्गाने डोळे अधू झाले आणि येल महाविद्यालयाचा बेत बारगळला. मग काही काळ जमीनमोजणीचे प्राथमिक धडे, न्यूयॉर्कमधील एका आयात पेढीत कारकुनी, १८४३ मध्ये खलाशी म्हणून चीनची सफर आणि अखेर वडिलांच्या पैशावर शेती, असा त्याचा प्रवास झाला. पस्तिशीपर्यंत त्याला एकाही उद्योगात म्हणण्यासारखे यश आले नव्हते. आजच्या निवड समितीपुढे त्याचा अर्ज गेला असता, तर तो पहिल्याच चाळणीत बाजूला पडला असता.

मात्र या भटकंतीत एक अनौपचारिक अभ्यासक्रम पुरा होत होता. १८५० मध्ये इंग्लंडच्या पायी प्रवासात त्याने लिव्हरपूलजवळचे बर्कनहेड उद्यान पाहिले. जोसेफ पॅक्स्टनने आखलेले हे उद्यान सार्वजनिक पैशातून उभारलेले होते आणि त्यात श्रीमंताइतकाच मजुरालाही मुक्त प्रवेश होता. लोकशाहीचा अभिमान मिरवणाऱ्या अमेरिकेत तेव्हा असे एकही उद्यान नव्हते, हे त्याला खटकले. पुढे १८५२ पासून न्यूयॉर्कच्या एका दैनिकासाठी त्याने दक्षिणेतील गुलामगिरीच्या राज्यांचा दौरा केला. सक्तीचे श्रम केवळ अमानुष नव्हेत, तर अनुत्पादकही असतात आणि ते मालकाच्या समाजालाही दरिद्री करतात, हे त्याने शेतावरच्या प्रत्यक्ष निरीक्षणाने दाखवून दिले. ही वार्तापत्रे १८६१ मध्ये ‘द कॉटन किंगडम’ या ग्रंथात संकलित झाली. जमीन, श्रम आणि समाज यांचा एकत्र विचार करण्याची सवय त्याला लागली ती येथेच.

१८५७ मध्ये तो भागीदार असलेली प्रकाशनसंस्था बुडाली. त्याच वर्षी आर्थिक मंदीने न्यूयॉर्कचे रस्ते बेकारांनी भरून टाकले. शहराने सेंट्रल पार्कसाठी जमीन ताब्यात घेतली होती आणि तेथे अधीक्षक हवा होता. वॉशिंग्टन आयर्विंगसारख्या नामवंतांची शिफारसपत्रे जोडून ओल्मस्टेडने अर्ज केला व ती जागा मिळवली. म्हणजे सनदेचे काम येथे शिफारशीने केले. परवाना पद्धतीवर टीका करताना हे विसरले जाते की, परवाना नसतो तेथे बहुधा ओळख असते. आणि ओळख ही परीक्षेपेक्षा अधिक न्याय्य असतेच असे नाही.

पार्कच्या आराखड्यासाठी स्पर्धा जाहीर झाली तेव्हा कॅल्व्हर्ट वॉक्सने ओल्मस्टेडला भागीदारीचे निमंत्रण दिले. वॉक्स हा लंडनमध्ये रीतसर उमेदवारी करून तयार झालेला वास्तुशिल्पी होता. एकूण ३३ आराखड्यांतून एप्रिल १८५८ मध्ये या दोघांच्या ‘ग्रीन्सवर्ड’ आराखड्याला पहिले पारितोषिक मिळाले. उद्यानाला छेदणारे चार रस्ते ठेवण्याची अट सर्वच स्पर्धकांना होती. या दोघांनी ते जमिनीच्या पातळीखाली सुमारे आठ फूट नेले. त्यामुळे शहराची वाहतूक खालून चालू राहिली आणि वरची हिरवळ अखंड भासू लागली. हे श्रेय मात्र लोकांनी एकट्या ओल्मस्टेडच्या पदरात घातले आणि वॉक्सच्या मनात त्याचे शल्य कायम राहिले. शिकलेला आणि न शिकलेला अशा दोघांच्या हातांनी हा व्यवसाय जन्माला आला, ही गोष्ट दंतकथेत हरवून गेली आहे.

या व्यवसायाचे रोजचे काम म्हणजे झाडेफुले निवडणे, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः सेंट्रल पार्कमधील पहिले काम होते ते निचऱ्याचे. खडकाळ, दलदलीची ती जमीन कोरडी करण्यासाठी जॉर्ज वेअरिंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली मातीच्या नळांचे जाळे पुरावे लागले. लागवडीची बाजू इग्नाझ पिलाट या ऑस्ट्रियन उद्यानतज्ज्ञाने सांभाळली. आज निसर्गदत्त वाटणारी तेथील तळी माणसाने केलेली आहेत. तीन हजारांहून अधिक मजुरांची हजेरी, सुरुंगाची दारू, खत, दगड आणि या सर्वांचा हिशेब असा ओल्मस्टेडचा दिवस असे. अँड्र्यू ग्रीन हा हिशेबतपासनीस पैपैचा जाब विचारी आणि त्यावरून दोघांचे खटके उडत. १८६० मध्ये गाडीच्या अपघातात ओल्मस्टेडचा पाय मोडला आणि काही दिवसांतच त्याचे तान्हे मूल दगावले. तरी डोलीत बसून तो कामावर देखरेख करीत राहिला. आजच्या परवाना परीक्षेच्या चार भागांपैकी एक संपूर्ण भाग उतार, निचरा आणि पावसाचे पाणी यांना वाहिलेला आहे, याचे मर्म या इतिहासात आहे. चुकलेली फुलझाडे पुढच्या हंगामात बदलता येतात. चुकलेला उतार शेजाऱ्याच्या घरात पाणी घालतो.

पण कोणत्याही प्रश्नपत्रिकेत न बसणारा एक प्रश्नही याच जमिनीत गाडलेला आहे. पार्कच्या पश्चिमेकडील भागात सेनेका व्हिलेज नावाची वस्ती होती. तेथे दोनशेहून अधिक लोक राहत. त्यांत कृष्णवर्णीय बहुसंख्य होते आणि त्यांतील अनेकांची घरे स्वतःच्या मालकीची होती. चर्च होती, शाळा होती. सक्तीच्या भूसंपादनाने १८५७ पर्यंत ती वस्ती उठवण्यात आली. हा निर्णय ओल्मस्टेडचा नव्हता. तो आला तेव्हा विस्थापन जवळजवळ पुरे झाले होते. तरीही गुलामगिरीचा हिशेब मांडणाऱ्या या माणसाचे सर्वांसाठी खुले असलेले उद्यान काहींच्या उठवलेल्या घरांवर उभे राहिले, ही वस्तुस्थिती उरतेच. आराखडा निर्दोष असूनही जमिनीचा हिशेब सदोष असू शकतो.

यादवी युद्धात १८६१ ते १८६३ या काळात ओल्मस्टेड सैनिकांच्या आरोग्यासाठी स्थापन झालेल्या सॅनिटरी कमिशनचा कार्यवाह होता. नंतर कॅलिफोर्नियात एका सोन्याच्या खाणीची व्यवस्था पाहताना त्याने योसेमिटी खोऱ्याच्या संरक्षणाविषयी १८६५ चा अहवाल लिहिला. वॉक्सच्या आग्रहाने तो न्यूयॉर्कला परतला आणि ब्रुकलिनचे प्रॉस्पेक्ट पार्क, बफेलोची उद्यानमालिका, शिकागोजवळचे रिव्हरसाइड उपनगर अशी कामे एकामागून एक झाली. ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ हे बिरुद या दोघांनी १८६० च्या दशकात वापरात आणले. ओल्मस्टेडला मात्र ते कधीच फारसे रुचले नाही; आपल्या कामाला नेमके नाव नाही, ही तक्रार तो करीत राहिला. ज्या बिरुदाच्या रक्षणासाठी पुढे कायदे झाले, ते जनकाने नाइलाजाने पत्करलेले होते.

न्यूयॉर्कच्या राजकारणाने १८७८ च्या आरंभी त्याला पदावरून दूर केले. त्याच सुमारास बॉस्टनने त्याला बॅक बे भागातील दलदलीचे काम दिले. तेथे सांडपाणी आणि भरतीचे पाणी एकत्र होऊन दुर्गंधी पसरे. शहर अभियंत्याच्या सहकार्याने त्याने पुराचे पाणी सामावणारे खाऱ्या दलदलीचे पात्र रचले. लोकांना उद्यान दिसले, पण मुळात ती आरोग्याची योजना होती. पुढे १९१० मध्ये चार्ल्स नदीवर धरण झाले, पाणी गोडे झाले आणि खाऱ्या पाण्यासाठी केलेली ही रचना निराधार झाली. शेजारच्या खात्याचा एक निर्णय तज्ज्ञाचे आयुष्यभराचे काम कसे पुसतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

१८८३ मध्ये तो बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनला स्थायिक झाला. तेथील त्याची कचेरी हीच या विषयाची पहिली शाळा ठरली. चार्ल्स एलियटसारखे तरुण तेथे उमेदवारी करीत. स्वतः कोणाच्याही हाताखाली न शिकलेल्या या माणसाने शिष्यांना मात्र शिस्तशीर शिकवले, ही बाब महत्त्वाची आहे. आपला मार्ग इतरांनी अनुसरावा असे त्याला वाटत नव्हते. त्या मार्गात किती वर्षे वाया जातात, हे त्याला ठाऊक होते. १८९५ मध्ये स्मरणशक्ती ढासळू लागल्याने त्याने काम सोडले. १८९८ मध्ये त्याला मॅक्लीन रुग्णालयात ठेवावे लागले. त्या रुग्णालयाच्या जागेबाबत पूर्वी त्यानेच सल्ला दिला होता. तेथेच २८ ऑगस्ट १९०३ रोजी त्याचे निधन झाले.

तो तेथे असतानाच, जानेवारी १८९९ मध्ये, ११ जणांनी अमेरिकन भूदृश्यरचनाकारांची संस्था स्थापन केली. त्याचा सावत्र मुलगा जॉन हा तिचा पहिला अध्यक्ष झाला. १९०० मध्ये हार्वर्डने या विषयाचा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. तो अकाली वारलेल्या चार्ल्स एलियटच्या स्मरणार्थ होता आणि त्याची धुरा ओल्मस्टेडच्या धाकट्या मुलाकडे होती. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियाने परवान्याचा पहिला कायदा केला. आज अमेरिकेच्या सर्व ५० राज्यांत या ना त्या स्वरूपाचे नियमन आहे. संस्था, पदवी आणि परवाना अशी ही चढती श्रेणी अर्ध्या शतकात पुरी झाली.

अर्थशास्त्रात अशा नियमनाकडे संशयाने पाहण्याची जुनी परंपरा आहे. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये उमेदवारीच्या सक्तीवर टीका केली. मिल्टन फ्रीडमनने १९६२ मध्ये व्यावसायिक परवान्यांना आतल्यांनी बाहेरच्यांविरुद्ध बांधलेली भिंत ठरवले. या टीकेत तथ्य आहे. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उद्यान आज आखले तर त्यातील वृक्ष पुरे वाढायला ३०-४० वर्षे लागतात. एवढ्या काळात ग्राहक, नगरसेवक आणि कंत्राटदार सारेच बदललेले असतात. माल वाईट निघाला तर पुन्हा त्या दुकानी न जाण्याचा बाजाराचा नेहमीचा उपाय येथे चालत नाही. म्हणून कोणीतरी आधीच स्वाक्षरी करून जबाबदारी घ्यावी लागते. परवाना हा त्या स्वाक्षरीचा कायदेशीर आधार आहे.

भारतात १९७२ च्या वास्तुशिल्पी अधिनियमाने ‘आर्किटेक्ट’ या बिरुदाला संरक्षण दिले. हा कायदा बिरुद राखून ठेवतो, प्रत्यक्ष काम नव्हे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये दिला. भूदृश्यरचनेसाठी आपल्याकडे स्वतंत्र परवाना कायदा नाही. २००३ मध्ये स्थापन झालेली व्यावसायिकांची संस्था स्वेच्छेवर चालते. नदीकाठ, तलाव आणि टेकड्या यांवर शहरोशहरी खर्च होत असताना त्या आराखड्यांवर कोणाची स्वाक्षरी असावी, हा प्रश्न आपल्यालाही टाळता येणार नाही.

त्याचे उत्तर शोधताना दोन टोके टाळली पाहिजेत. ओल्मस्टेडला पदवी नव्हती म्हणून पदवीची गरज नाही, हे एक टोक. वेअरिंगचा निचरा, पिलाटची लागवड आणि वॉक्सची रेखाटने नसती, तर त्याची दृष्टी कागदावरच राहिली असती. परवाना आहे म्हणजे गुणवत्ता आहे, हे दुसरे टोक. लोकांच्या जीविताला ज्यापासून धोका संभवतो, तेवढ्यापुरता परवाना सक्तीचा असावा आणि अनुभवातून आलेल्यांसाठी परीक्षेचा दरवाजा खुला असावा, हा मध्यममार्ग अधिक व्यवहार्य होय. मात्र जमीन कोणाची, ती कोणाकडून घेतली आणि कोणासाठी राखली, या प्रश्नांची उत्तरे कोणतेही परीक्षा मंडळ देणार नाही. ती जबाबदारी तज्ज्ञावर सोपवून मोकळे होता येत नाही. ती नागरिकांचीच असते.