रेव्ह. गॉर्डन हॉल

वर्गणीची थैली पुढें आली म्हणजे, पवनेकांठचें रावेत असो कीं दुसरें कोणतेंही गांव असो, एखादा बंधु विचारतोच कीं, आपल्याच मंडळींतील विधवा व पोरकीं मुलें उपाशी असतां दूर देशच्या लोकांसाठीं पैसा कां धाडावा? प्रश्न खोटा नाहीं. पण एके काळीं तो आपल्याविषयींच निघाला होता. त्या वेळीं दूर देशचे लोक म्हणजे आपण मराठे लोक होतों.

हॉलसाहेबांचा जन्म अमेरिकेंत टॉलंड येथें ता. ८ एप्रिल १७८४ रोजीं झाला. शिक्षण संपल्यावर ते वुडबरी गांवीं उपदेश करूं लागले, तेव्हां तेथील मंडळीनें आपले पाळक व्हा म्हणून त्यांस आग्रह केला. तेथेंही रोगी होते, गरीब होते. तरी त्यांनीं नकार दिला. कारण ती जागा घेण्यास दुसरे मिळाले असते, समुद्रापलीकडे जाणारा मिळत नव्हता.

सन १८१२ त मिशनमंडळाच्या सनदेचा विषय मॅसॅच्युसेट्सच्या कायदेमंडळांत निघाला. एका सभासदानें हरकत घेतली कीं, घरींच धर्माची उणीव असतां तो बाहेर कशास पाठवावा? दुसऱ्यानें उत्तर केलें कीं, हा माल जितका बाहेर जातो तितका घरीं वाढतो. उत्तर चतुर खरें, पण भाकरीविषयीं तसें म्हणतां येत नाहीं. सारफथच्या विधवेचें पीठ सरलें नाहीं, तो तर चमत्कार होता. हॉलसाहेबांचें कारण आम्हांस अधिक साधें व खरें वाटतें.

सन १८१३ च्या फेब्रुवारींत ते मुंबईस उतरले. इंग्लंड व अमेरिका यांचें युद्ध चाललें होतें. कंपनी सरकारनें परत जाण्याचा हुकूम केला. कित्येक महिन्यांनीं राहण्याची मोकळीक मिळाली. मग मराठी शिकून त्यांनीं उपदेश केला, शाळा घातल्या, आणि सोबत्यांसह नव्या कराराचें भाषांतर चालविलें.

किंमत घरच्यांनीं दिली. १८२५ सालीं मुलांच्या प्रकृतीसाठीं मार्गारेटबाई दोघां मुलांस घेऊन अमेरिकेस निघाल्या. थोरला वाटेंतच वारला. हॉलसाहेब येथेंच राहिले. हें योग्य केलें कीं नाहीं, तें ठरविणें आम्हांस अवघड जातें.

मार्च १८२६ त ते नाशिकास गेले. तेथें पटकीची सांथ होती. जवळचीं पुस्तकें व बहुतेक औषध त्यांनीं वाटून टाकलें. परततांना ता. १९ च्या रात्रीं सिन्नरकडील दोडी-दापूर येथें एका देवळांत ते भुईवर निजले. जवळच रोगी पडले होते. पहांटे त्यांसही पटकी झाली. घेतलेलें औषध पोटांत ठरेना. बरोबर दोन ख्रिस्ती मुलगे होते, तेवढेच. त्याच दिवशीं, ४१ व्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला, आणि त्या मुलांनीं पेटीवांचून त्यांस तेथील मातींत पुरलें. मराठी नवा करार त्याच वर्षीं संपूर्ण छापून निघाला.