चवदार तळ्याची केस आणि बाबासाहेब



बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. त्यांचे अमेरिका-लंडनचे शिक्षण, बॅरिस्टरी हे आपल्या वस्तीतल्या पोरांनाही पाठ आहे, म्हणून आम्ही ते लांबवत नाही. आम्हाला सांगायची आहे ती एका केसची हकीकत.

१९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदे कौन्सिलात पास झाला. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळेही खुले केले, पण कागदावरच. कायदा करणाऱ्यांनी केला, अंमल करणारे काही हलेनात. शेवटी २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर आपल्या माणसांना मारहाण झाली, तळ्याचे शुद्धीकरण झाले, आणि नगरपालिकेने आपला ठरावही फिरवला.

डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला. विरोधकांनी आधीच दिवाणी कोर्टात धाव घेऊन, तळे खासगी आहे असे सांगून, मनाई हुकूम आणला. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. २५ तारखेला मनुस्मृती जाळली, पण तळ्यावरचा सत्याग्रह बाबासाहेबांनी तहकूब करायला लावला. नुसती मिरवणूक काढून लोक परतले.

तरुणपणी आम्हाला हे पटायचे नाही. एवढी माणसे पाठीशी असताना मागे का फिरायचे? पुढे थकलेल्या पगारासाठी आम्ही गिरणी कामगारांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला. मालक आणि कामगार एका पातळीवर उभे राहतात ती जागा तेवढी एकच. नकोसा हुकूम आज आपण मोडला, तर उद्या आपल्या बाजूचा हुकूम मालकाने का पाळावा?

केस जवळजवळ दहा वर्षे चालली. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल आपल्या बाजूने दिला. अस्पृश्यांना पाणी न देण्याची अनादि काळापासूनची वहिवाट विरोधकांना सिद्धच करता आली नाही.

दहा वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत! १९४७ साली मसुदा समितीचे अध्यक्ष झालेल्या माणसाने हे सगळे भोगलेले होते. घटनेचे कलम १३ पाहा, मूलभूत हक्कांविरुद्धचा कायदा रद्द. कलम ३२, हक्क डावलला तर थेट सुप्रीम कोर्टात दाद. आणि कलम ५०, न्यायखाते सरकारच्या अंमलदारांपासून वेगळे ठेवावे. इंग्रजांच्या अमलात पकडणारा आणि शिक्षा देणारा अधिकारी पुष्कळदा एकच असे. गरिबाने जायचे कुठे? आमच्या मते ३२ कलम घरातल्या बायामाणसांनाही ठाऊक पाहिजे.

हिंदू कोड बिल अडवले गेले तेव्हा १९५१ साली त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. आपल्या मावळाशी त्यांचा लळा होता, तळेगाव दाभाड्याला त्यांचा बंगला होता. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोडला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तारीख पाहा, मनुस्मृती दहनाचीच! आमचे वडील तेव्हा लहान होते. लोणावळ्याहून गाडीने गेले, आणि गर्दीत आजोबांच्या खांद्यावर बसले तेव्हा कुठे त्यांना बाबासाहेब दिसले.